'आम्हीपण येतो की!' ठरलेल्या सहलीत मित्र स्वतःहून सामील होतात तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा: डोंबिवलीचं चौघांचं कुटुंब, म्हणजे नवरा, बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि आजी. 24 डिसेंबरच्या रात्रीची कोकणकन्या, मालवणजवळच्या देवबागला एका घरगुती निवासात दोन खोल्या, 28 ला संध्याकाळी परत. 25 ऑक्टोबरला सकाळी आठच्या ठोक्याला बसून तिकिटं काढलेली. नोव्हेंबरमध्ये एका वाढदिवसाच्या जेवणात नवऱ्याच्या कॉलेजमित्राला हे कळलं आणि तो म्हणाला, "अरे वा, मग आम्हीपण येतो की!" दुसऱ्या दिवशी त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुपच काढला. मित्र चांगला आहे, मैत्री तोडायची नाही. पण वर्षातून एकदा मिळणारे हे चार दिवस घरच्यांबरोबरच घालवायचे आहेत. काय करावं?

सगळ्यात आधी एक गोष्ट तपासा. आमंत्रण तुमच्याकडूनच गेलं नव्हतं ना? आपल्याकडे सहलीचा विषय निघाला की "चला की तुम्हीपण" हे वाक्य तोंडातून आपसूक जातं. जेवायच्या वेळी आलेल्याला "या, बसा जेवायला" म्हणतात, तसंच. बोलणाऱ्याच्या मनात तो नुसता शिष्टाचार असतो आणि ऐकणाऱ्याला आमंत्रण वाटू शकतं. त्या रात्री तुम्ही, बायको किंवा आजी यांपैकी कोणी असं म्हणालं होतं का, ते घरात विचारा. म्हणालं असेल तर मित्र स्वतःहून घुसलेला नाही, त्याला बोलावलेलं आहे. मग बोलताना आधी दिलगिरी यायला हवी: "मी त्या दिवशी पटकन बोलून गेलो, घरात विचारलं नव्हतं, चूक माझी." ही कबुली न देता नकार दिलात तर त्याला फसवल्यासारखं वाटेल, आणि तसं वाटण्यात त्याचं काही चुकणार नाही.

दुसरं, हे येणं खरं आहे की नुसता उत्साह? जेवणाच्या टेबलावरच्या "येतो, येतो" पैकी बरंचसं दुसऱ्या दिवशी विरून जातं. दोन दिवसांत त्याने विषय काढला नाही तर तुम्हीही काढू नका. पण गाडीचं नाव विचारलं, निवासाचा नंबर मागितला, रजा टाकली किंवा मुलांना सांगितलं, यांतलं एकही झालं तर येणं खरं धरा. ग्रुप काढणं हीसुद्धा खरीच खूण. त्यामुळे तुमच्या बाबतीत वाट बघण्यात अर्थ नाही.

इथून पुढे घड्याळ चालू आहे. आपल्या समाजात गप्प राहणं म्हणजे होकार. ग्रुपवर तुम्ही अंगठा दाखवला, हसरा चेहरा टाकला किंवा काहीच टाकलं नाही, तरी समोरचा "जमलं" असंच समजतो. त्याने पैसे भरेपर्यंत नकाराची किंमत एका अवघड फोनएवढी असते. पैसे भरल्यावर तीच किंमत त्याचे बुडालेले हजार, मुलांची रडारड आणि "मग आधी का नाही सांगितलंस?" एवढी होते. या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर नसेल. म्हणून ग्रुप निघाल्यापासून दोन दिवसांच्या आत बोला. भीड भिकेची बहीण म्हणतात. इथे त्या भिडेची किंमत तुमच्याबरोबर मित्रालाही मोजावी लागते.

आता बोलायचं काय? इथे बहुतेक लोक एकच चूक करतात, म्हणून यावर थोडं थांबतो. ते कारण देतात. प्रत्येक कारण म्हणजे एक अडचण, आणि चांगला मित्र अडचण सोडवायलाच धावतो. "रे, गाडी फुल झाली" म्हणालात की उत्तर येतं, "आम्ही आपली गाडी काढतो, रस्त्याने येतो." "त्या घरात दोनच खोल्या आहेत." "शेजारी बघतो ना, देवबागला काय घरांना तोटा आहे?" "आईला जास्त माणसं झाली की दगदग होते." "अरे, काकूंना आम्ही सांभाळू की!" तीन कारणं संपली, तिन्ही त्याने प्रेमाने सोडवली, आणि आता नाही म्हणायला तुमच्याकडे काही उरलं नाही. वर एखादं कारण खोटं असेल तर तेही उघडं पडतं. खोल्या नाहीत असं सांगितलंत आणि त्याने त्याच निवासाला फोन करून खोली मिळवली, असं डिसेंबरातही होऊ शकतं, कारण कोणाचं तरी बुकिंग रद्द होतच असतं.

म्हणून अडचण सांगू नका, सहलीचं स्वरूप सांगा. "ही सहल आमच्या चौघांची आहे" हे वाक्य सोडवता येत नाही. त्यात खोली नाही, तिकीट नाही, आईची तब्येत नाही. तो निर्णय आहे, आणि तो तुम्ही आधीच घेतलेला आहे.

फोन तुम्हीच करा, कारण मित्र तुमचा आहे. बायकोने त्याच्या बायकोला सांगणं, किंवा आजीच्या तब्येतीचं निमित्त पुढे करणं, याने पुढची कित्येक वर्षं त्या दोघींवर विनाकारण दोष राहतो. "तिलाच आम्ही नको होतो" असंच त्यांच्या घरात म्हटलं जातं. ग्रुपवर लिहू नका, तिथे त्याची बायको आणि कदाचित मुलंही वाचतात. नकार चारचौघांत मिळाला की तो अपमान होतो. संध्याकाळी, तो घरी जेवणखाण करून निवांत असेल तेव्हा फोन लावा आणि पहिल्याच मिनिटात विषयावर या. क्रिकेटवर दहा मिनिटं बोलून मग "अरे, ते मालवणचं..." म्हटलं की आवाज आपोआप अपराध्यासारखा येतो.

शब्द साधारण असे ठेवा: "अरे, मालवणबद्दल बोलायला फोन केला. तू इतक्या उत्साहाने ग्रुप काढलास, आणि मी लगेच बोललो नाही, ते चुकलं. ही सहल आम्ही चौघांनीच करायची ठरवली आहे. आई बऱ्याच दिवसांनी बाहेर पडतेय, आणि वर्षभरात आम्हाला एकत्र असा वेळ मिळाला नाही. त्यामुळे या वेळी आम्ही आमचेच जाणार आहोत." आणि मग थांबा. पुढची शांतता भरून काढायला जाल तर तिथेच कारणं सुरू होतील. आईचा उल्लेख इथे कारण म्हणून आलेला नाही, सहल कशासाठी आहे ते सांगायला आला आहे. फरक बारीक आहे पण महत्त्वाचा आहे. "आईला त्रास होतो" यावर तोडगा निघतो, "आईबरोबर वेळ घालवायचा आहे" यावर निघत नाही.

तो एकदा तरी रेटेल, हे धरून चाला. "अरे, आम्ही तुमच्या मध्ये येणार नाही, आपले आपण फिरू." त्याला उत्तर तेवढंच, थोडं वेगळ्या शब्दांत: "मला माहितीये तुम्ही त्रास देणार नाही. पण तुम्ही तिथे असलात तर मीच तुमच्याबरोबर बसणार, आणि घरच्यांना दिलेला शब्द राहून जाईल." हे खरं आहे आणि यात त्याच्याबद्दलची आपुलकीही आहे. तिसऱ्यांदा विषय आला तर नवं काही बोलू नका, "या वेळी नाही रे" एवढंच. नवीन वाक्य म्हणजे नवीन फट.

फोन झाल्यावर ग्रुपचं काय करायचं, ते त्याच्यावर सोपवा: "तो ग्रुप तूच बंद करशील का?" तुम्ही गुपचूप बाहेर पडलात तर ग्रुपचा अ‍ॅडमिन म्हणून त्याला ते लगेच कळतं आणि फोनवर मिळवलेला समजूतदारपणा वाया जातो.

फोनच्या आधी घरात एक काम करून ठेवा: सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य असू द्या. पुढच्या आठवड्यात त्याची बायको तुमच्या बायकोला हळूच विचारेल, "अगं, खरं काय झालं?" तुमची मुलगी त्यांच्या मुलांना भेटेल. आजीला कोणी रस्त्यात गाठेल आणि आजी मनापासून म्हणेल, "मला काय, आले असते तर बरंच झालं असतं!" एवढ्याने सगळं पुन्हा उघडतं. आजीला नीट समजावून सांगा की ही सहल तिच्यासाठीच आहे. मुलीला लपवाछपवी शिकवू नका, "आपण चौघंच जातोय" एवढंच तिने म्हणावं.

नकारासोबत "पुढच्या वेळी नक्की" असं बहुतेक जण जोडतात. हे मोघम आश्वासन देऊ नका, कारण ते कर्जासारखं डोक्यावर राहतं आणि उन्हाळ्याच्या सहलीच्या वेळी त्याची आठवण करून दिली जाते. तारखेसकट काहीतरी छोटं द्या, किंवा काहीच देऊ नका. ठाणे-डोंबिवलीकरांसाठी जानेवारीत अलिबाग-पेणकडची पोपटी हा उत्तम पर्याय आहे. वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, कोंबडी, भांबुर्डीचा पाला घातलेलं मडकं आणि भोवती जाळ. एका संध्याकाळचं काम, रजा लागत नाही, दोन्ही घरची मुलं शेकोटीभोवती रमतात. "जानेवारीतल्या दुसऱ्या शनिवारी पोपटीला जाऊ, जागा मी बघतो" असं सांगा आणि त्याच आठवड्यात जागा खरोखरच ठरवा. ते न केल्यास नकारापेक्षा वाईट होतं.

आता त्याने आधीच पैसे भरले असतील तर? तुम्ही पंधरा दिवस गप्प होतात आणि त्या भरवशावर त्याने खोली घेतली, रजा मंजूर करून घेतली, तर आता साफ नकार देणं मला योग्य वाटत नाही. चूक निम्मी तुमची आहे. अशा वेळी सहल एकत्र न करता शेजारी-शेजारी करा, आणि कोणता भाग एकत्र आणि कोणता वेगळा हे निघण्याआधीच ठरवा. माझा आग्रह या वाटणीचा: दिवस आपापले, एक संध्याकाळ एकत्र. फार तर दोन. "सकाळी बघू, जमलं तर भेटू" अशी ढिली बोली ठेवलीत तर रोज सकाळी फोन येणार आणि रोज नव्याने नाही म्हणावं लागणार. त्यापेक्षा "26 ला संध्याकाळी मालवणात जेवू, बाकी आम्ही आमच्या वेळापत्रकाने" हे लिहून पाठवा. आता संदेश चालतो, कारण हा कार्यक्रम आहे, नकार नाही.

राहण्याची जागा वेगळी हवी. तुम्ही देवबागला असाल तर त्यांनी तारकर्ली किंवा मालवण शहरात राहावं. एकाच अंगणात राहून वेगळं फिरणं जमत नाही. चहाला एकत्र बसलं की अकरा वाजतात, आणि तोवर सिंधुदुर्ग किल्ल्यावर जायची बरी वेळ निघून जाते. शिवाय देवबाग म्हणजे एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र असलेली चिंचोळी पट्टी, डिसेंबर अखेरीस तिथल्या अरुंद रस्त्यावर गाड्या अडकतात. त्यामुळे "जरा येऊन जातो" आपोआप कमी होतं.

वाहनाचा हिशेब तर बघाच, कारण बेत इथे सगळ्यात जास्त फिसकटतो. कुडाळ स्टेशन ते मालवण तीसेक किलोमीटर. चौघांना आणि सामानाला एक अर्टिगा आरामात पुरते. ती सात आसनी, म्हणजे चालक सोडून सहा जण, आणि तिसरी रांग वापरली तर मागे जेमतेम 209 लिटर जागा उरते, दोन लहान बॅगांची. मित्राच्या घरचे चौघं धरून आठ जण झाले की ती पुरतच नाही. मग टेम्पो ट्रॅव्हलर किंवा दोन गाड्या. ट्रॅव्हलर स्वस्त वाटतो, पण मुंबईहून नेलात तर बहुतेक ठिकाणी रोजचे किमान 300 किलोमीटर धरून आकारणी होते, गाडी समुद्राकाठी उभी असली तरी, वर चालकाचा भत्ता. आणि एकाच वाहनात आठ माणसं म्हणजे सगळ्यात उशिरा उठणाऱ्याच्या वेळेवर सगळ्यांचा दिवस. दोन गाड्या थोड्या महाग पडल्या तरी दोन गाड्याच घ्या.

रेल्वेची तिकिटं त्याची त्यालाच काढू द्या, तुमच्या खात्यातून नको. एका पीएनआरवर सहाच प्रवासी बसतात, तात्काळमध्ये चार, त्यामुळे आठ जण एका तिकिटावर मावतच नाहीत. रद्द केलं तर परतावा ज्याच्या खात्यातून पैसे गेले त्याच्याकडे येतो, आणि मग "माझे किती आले?" हा हिशेब तुमच्या गळ्यात. दुसरी गोष्ट, सध्या आरक्षण प्रवासाच्या 60 दिवस आधी उघडतं आणि नाताळच्या आठवड्यात कोकणच्या गाड्या बघता बघता भरतात. नोव्हेंबरमध्ये काढलेलं तिकीट बहुधा वेटिंगचंच असणार. चार्ट लागला तरी पूर्ण तिकीट वेटिंगवरच राहिलं, तर ई-तिकीट आपोआप रद्द होतं, म्हणजे तो येणार की नाही हे ऐनवेळी कळणार. अशा वेळी त्याच्या खोल्यांचं बुकिंग तुमच्या नावावर असेल तर निवासाच्या मालकाला उत्तर तुम्ही देणार. म्हणून खोल्याही त्याच्याच नावावर, आगाऊ रक्कमही त्याचीच.

काही जण सांगतात, "अ‍ॅडव्हान्स माग, म्हणजे पळेल." ही युक्ती, माणसं आलेली चालणार असतील आणि फक्त नक्की किती जण हे ठरत नसेल, तेव्हाच वापरा. "गुरुवार रात्रीपर्यंत प्रत्येकी 3,000 पाठवा, मग तुमचं नक्की" असं सांगितलं की हौशी गळतात आणि खरे उरतात. पण जो तुम्हाला यायला नको आहे त्याच्याकडे पैसे मागू नका. त्याने भरले तर तुम्ही अडकलात.

एकत्र खर्च होणारच असेल तर पद्धत आधी बोला. खोलीचा खर्च ज्याचा त्याने, गाडी गाडीप्रमाणे, आणि जेवण माणशी, दहा वर्षांच्या आतल्या मुलांचा अर्धा वाटा. उदाहरणार्थ तुमची तीन मोठी माणसं आणि एक मूल म्हणजे साडेतीन वाटे, त्यांची दोन मोठी आणि दोन लहान म्हणजे तीन. एकत्र जेवणाचं बिल 3,900 झालं तर वाटा 600 चा: तुमचे 2,100, त्यांचे 1,800. "निम्मं-निम्मं करू" यात पहिल्या दिवशी कोणाला काही वाटत नाही, तिसऱ्या दिवशी वाटतं, विशेषतः एका घरात सुरमई-कोळंबी आणि दुसऱ्या घरात शाकाहारी थाळी असेल तर. दारूचं बिल कधीही सामायिक धरू नका. रोज रात्री हिशेब मिटवा, घरी परतल्यावर कोणी मागत नाही आणि मनात मात्र राहतं.

एक बारीकसारीक वाटणारी, पण रोज नडणारी गोष्ट: घरगुती निवासात किती जण जेवणार आणि काय खाणार हे सकाळीच सांगावं लागतं, कारण मासळी त्या दिवशीच्या बाजारातून तेवढीच येते. दुपारी एक वाजता "मित्र आलेत, चार ताटं वाढवा" म्हटलं तर स्वयंपाक करणाऱ्या वहिनींची तारांबळ उडते आणि तुमच्या आजीच्या ताटातला तुकडा कमी होतो. एकत्र जेवण बाहेरच्या खानावळीत ठेवा.

मित्राच्या जागी नणंद, दीर, साडू असतील तर गणित थोडं वेगळं. तिथे नकार ज्याचं नातं त्यानेच द्यायचा, आणि तोही घरातल्या मोठ्यांना आधी सांगून. नाहीतर तीच गोष्ट दिवाळीच्या फराळात सगळ्यांसमोर निघते. वरिष्ठ किंवा ज्याच्याशी व्यवहार आहे असा माणूस असेल तर "कुटुंबाचा कार्यक्रम आहे" एवढंच पुरतं, तिथे सहसा कोणी रेटत नाही.

पुढच्या सहलीच्या वेळी बोलण्याची क्रियापदं जपा. "मालवणला जायचं म्हणतोय, बघू कसं जमतंय" हे वाक्य उघडं आहे, त्यात ऐकणाऱ्याला आपली जागा दिसते. "24 ला आम्ही चौघं मालवणला चाललोय, तिकिटं झाली" हे बंद आहे. बातमी सांगायची तर तिकीट आणि खोली दोन्ही झाल्यावर, आणि आकड्यासकट. स्टेटसवर फोटो टाकायचे तर परतल्यावर टाका. तिथूनच टाकलेल्या फोटोवर "आम्ही जवळच आहोत, येतो" असा फोन नाताळच्या आठवड्यात येऊ शकतो, कारण निम्मी मुंबई तेव्हा कोकण-गोव्याच्या रस्त्यावर असते.

आणि 29 तारखेनंतर आठवड्याभरात मित्राच्या घरी स्वतः जा, चौघंही. मालवणी खाजा, कोकमाचं आगळ, मुलांसाठी काजू घेऊन. त्याने विचारलं तर सहल छान झाली हे मोकळेपणाने सांगा. तुमच्या आनंदाबद्दल त्याची माफी मागू नका, आणि "तुम्ही असता तर अजून मजा आली असती" असंही म्हणू नका. पोपटीचा शनिवार त्याच भेटीत पक्का करा.